कालची रेघ

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत सरिता हिवराळे नेमकं काय काम करते, हे आजवर कोणालाच धड सांगता आलेलं नाही. समोरच्या गोजरबाई सांगतात, पोरगी उपग्रहात कामाला आहे. जणू रोज सकाळी डबा घेऊन वर जाते आणि दिवेलागणीला खाली उतरते! कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणतो, कॉम्प्युटरचं कायतरी हाय. तिची माय केसरबाई विचारणाऱ्याला एवढंच ऐकवते, "सरकारी नाय, पन इज्जतीचं हाय." आणि वडील कडुबा, रेल्वेत कीमॅन म्हणून रूळ तपासत आयुष्य काढलेले, ते काहीच सांगत नाहीत. पहिल्यापासून मोजकं बोलणारा माणूस.

खरं तर काम एका वाक्याचं आहे. खरं कोणतं आणि खोटं कोणतं, ते ओळखायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? तिच्या खुर्चीत एकदा बसून बघा, मग बोला.

होतं असं, की आकाशात, आपल्यापासून इतक्या लांब की आकडा सांगूनही काही कळायचं नाही, एखादा अवाढव्य तारा मरतो. मरताना गॅमा किरणांचा एक झोत फेकतो. सगळा काही सेकंदांचा खेळ. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेतून खालीही उतरत नाहीत, म्हणून त्यांना पकडायची दुर्बीण उपग्रहावर बसवलेली असते. ती पृथ्वीभोवती गरागरा फिरते, आणि किरण नेहमीपेक्षा जास्त आले की आपणहून बोंब ठोकते. आपल्या देशाच्या अशा एका दुर्बिणीची बोंब जगभरच्या वेधशाळांना जाते. झोत विझला तरी त्या जागी मागं थोडी धग राहते, साधा उजेड, तासा-दोन तासांत मंद होत जाणारा. तेवढ्यात एखादी मोठी दुर्बीण तिकडं वळली तर तो तारा किती लांब होता ते मोजता येतं. नाही वळली तर संपलं. मेलेला तारा काही तुमच्यासाठी पुन्हा मरत नाही.

आता ही वरची दुर्बीण बोंब मारण्यात एक नंबर. सूर्य खवळला, मार बोंब. खाली ढगात वीज कडाडली, मार बोंब. ब्राझीलजवळच्या समुद्रावरून जाताना तिच्यावर विद्युतभारित कणांचा मारा होतो, तेव्हा तर विचारूच नका. दहातल्या नऊ बोंबा खोट्या. म्हणून एक माणूस ड्युटीवर लागतो. त्यानं अर्ध्या तासात बघायचं आणि खोटी असेल तर 'बोंब मागे घेतली' असं जगाला कळवायचं. ते कळवलं की सगळ्या दुर्बिणी आपापल्या कामाला लागतात, परत त्या जागेकडं कोणी बघत नाही.

हे ड्युटीचं काम शहरातल्या एका कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागाकडं होतं. तिथं मोनिका मॅडम मुख्य. त्यांच्या हाताखाली करारावर दोघं, सत्यम आणि आपली सरिता. आळीपाळीनं दोघं ड्युटी करायचे, लॅपटॉप आणि फोन घेऊन, घरी असोत की बाजारात.

आणि ह्या कामाला देवानं कोण धाडलं म्हणता? तर सरिता. जन्माची भित्री! गंगापूर तालुक्यातल्या आजोळी लहानपणी विहिरीकडं जायची नाही, बैल लांबून दिसला तरी वाट बदलायची. कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायची, ओढून बघायची. बारावीच्या पेपरात प्रत्येक गणित तिनं दोनदा सोडवलं, उत्तर बरोबर आलं तरी दोनदा, आणि मग वेळ संपला म्हणून शेवटचं गणित तसंच राहिलं. एमएस्सीला भौतिकशास्त्र घेतलं ते आवडीनं. डोकं तल्लख, त्यात वाद नाही. पण डोक्याच्या खाली काळीज होतं ना, ते सशाचं.

सत्यम तिला चिडवायचा. "अगं, काय एवढं टेन्शन घेती? आपण सही केली नाही तर आभाळ खाली पडणार हाय का? हो जाता है." त्याचं होऊनही जायचं. तो बघायचा, ठरवायचा, पाठवायचा आणि चहाला जायचा. सरिता मात्र प्रत्येक बोंब चारचारदा तपासत बसायची. खोटीला खरी म्हटलं तर जगभरच्या दुर्बिणी फुकट वळणार. खरीला खोटी म्हटलं तर एका ताऱ्याचं मरण बघायचं राहून जाणार, तेही कायमचं. इकडं आड, तिकडं विहीर.

त्यात दिवाळीच्या आसपास ती एकदा आडात पडलीच. दुर्बिणीचा एक तुकडा बिघडून आकडे ओकत होता, आणि सरितानं तो झोत खरा मानला. परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीनं आपलं चालू काम सोडून तिकडं डोळा लावला. तिथं काय? काळोख. सभ्य भाषेत एक मेल आला, आणि सभ्य भाषेतला मेल किती लागतो ते ज्याला लागलं त्यालाच ठाऊक. मोनिका मॅडम ओरडल्या नाहीत. मीटिंगमध्ये एवढंच म्हणाल्या, "सरिता, आपण हाक मारली की जग मान वळवतं. फुकट वळवायला लावली तर पुढच्या वेळी कोणी वळवणार नाही. हे पुन्हा नको."

पुन्हा नको! त्या दिवसापासून पोरीची झोप उडाली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, तसं झालं तिचं. करार मार्चमध्ये संपणार होता, पुढं ठेवायचं की नाही ते मॅडमच्या शब्दावर होतं. आणि तरीही जानेवारीत तिनं मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन हात जोडले, "मॅडम, मला ड्युटीतून काढा. दुसरं काहीही काम द्या. मला भीती वाटते." मॅडम म्हणाल्या, "बघू."

बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. ड्युटी चालूच राहिली.

खरं-खोटं ओळखायच्या ज्या युक्त्या होत्या, त्यातली सरिताची सगळ्यात भरवशाची युक्ती म्हणजे कालची रेघ. उपग्रह साधारण एका दिवसानं पृथ्वीच्या त्याच भागावरून पुन्हा जातो. तेव्हा आजच्या किरणांच्या आकड्यांची रेघ काढायची, आणि तिच्यावर कालची, त्याच वेळेची रेघ ठेवायची. आज जिथं उंचवटा आहे तिथं कालही उंचवटा असेल, तर तो त्या जागेचाच गुण. म्हणजे खोटा. काल सपाट आणि आज उंचवटा, तर मग सावध व्हायचं, कदाचित खरा तारा मेलाय.

यात एक खोच होती. उपग्रहाचे सगळे आकडे ग्रीनिचच्या घड्याळावर चालतात, आणि ते घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं. आपल्याकडं पहाटेचे पाच वाजतात तेव्हा तिथं अजून आदल्या दिवसाची रात्र असते. तारीखच आदली! आणि फोनवर येणारी सूचना मात्र भारतीय वेळेत यायची, सत्यमनंच सोयीसाठी तशी करून ठेवली होती. आजची रेघ कॉम्प्युटर आपोआप काढायचा, पण कालची तारीख हातानं टाकावी लागे. हे सरिताला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. शिकायला येणाऱ्या पोरांना तीच बजावायची, पहाटेच्या बोंबेला तारीख नीट बघा रे.

आणि नेमकी त्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं.

ज्यांच्याकडं रोज पाणी येतं त्यांना हे समजायचं नाही. इथं आठवड्यानं पाणी येतं, आणि ज्या पहाटे येतं त्या पहाटे गल्लीत लग्नघर होतं. मोटारी घरघरतात, पाइप ओढले जातात, कोणाचा ड्रम वाहतो, कोण कोणाच्या नावानं शिमगा करतं. केसरबाई हंडे घासत होती, कडुबा गच्चीवरच्या टाकीला पाइप लावत होते, आणि सरिता आतल्या खोलीतला ड्रम भरत होती. तेवढ्यात फोन वाजला. दुर्बिणीची बोंब.

"सरे, पाइप धर!" केसरबाई ओरडली.

"माय, एक मिनिट. ड्युटीचं हाय."

"तुझी ड्युटी कुठं पळून जात नाय, पानी जातंय!"

सरितानं पाइप ड्रममध्ये खोचला, ओल्या हातानं लॅपटॉप उघडला. आजची रेघ आली. मधोमध उंचवटा, फार मोठा नाही, पण होता. चढण उभी, उतार सावकाश. खऱ्या झोतासारखी. दिवाळी आठवली. तो सभ्य भाषेतला मेल आठवला. तिनं कालची तारीख टाकली. फोनवर बारा तारीख होती, म्हणून हिनं टाकली अकरा. ग्रीनिचची वेळ मात्र बरोबर टाकली. आणि कालची रेघ येऊन आजच्या रेघेवर बसली.

अगदी बरोबर बसली. तोच उंचवटा, तीच उंची, तोच उतार.

काय सांगू, पोरीला कसं हलकं वाटलं! म्हणजे कालही होता. म्हणजे खोटा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा असं झालं की तिच्या मनात किंतु उरला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिनं लिहिलं, बोंब मागे घेत आहोत, हा उंचवटा आदल्या दिवशीही त्याच ठिकाणी होता. खाली नाव, सरिता हिवराळे. पाठवलं. लॅपटॉप मिटला आणि पाइप धरायला धावली. ड्रम वाहायला लागला होता. केसरबाई करवादली, तर ही हसली. मायलेकींनी मिळून सगळे हंडे भरले, गोजरबाईंच्या दोन कळश्या भरून दिल्या. पलीकडच्या विहारात वंदना सुरू झाली, तर सरिता काम करता करता त्यात सूर मिसळत होती. केसरबाईनं चकित होऊन विचारलं, "आज काय गं, लई खुशीत?"

"काय नाय माय. आज भ्याव नाय वाटलं."

तांबडं फुटायच्या बेतात होतं. पाणी गेलं, गल्ली निवली. केसरबाईनं चहा टाकला. सरिता कप घेऊन परत लॅपटॉपपाशी बसली. आठवड्याच्या अहवालात लावायला ह्या खोट्या झोताचं चित्र हवं होतं. कालची रेघ तिनं लाल केली, आजची निळी. पण पडद्यावर फक्त लालच दिसत होती! निळी कुठं गेली? तिनं चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. लालच.

कारण निळी रेघ लालच्या बरोब्बर खाली होती. उंचवटाच काय, रेघेचा प्रत्येक बारीक दात दुसऱ्या रेघेच्या दातावर बसला होता.

असं होत नसतं. एका जागेवरून दोन दिवस गेलं तर उंचवटे सारखे येतील, मान्य. पण किरणांची बारीक थरथर दोन दिवस सारखी येत नाही. सख्खे भाऊ तोंडावळ्यानं सारखे असतात, म्हणून दोघांच्या डोक्यावरचे केस काही मोजून सारखे भरत नाहीत. सरितानं तारीख बघितली. अकरा. फोन बघितला. बारा, पहाट. आणि ग्रीनिचला तेव्हा...

तिच्या हातातला कप हिंदकळला. चहा मांडीवर सांडला, तो भाजतोय हेसुद्धा तिला कळलं नाही. ग्रीनिचला तेव्हा अकराच होती. तिनं कालची रेघ काढलीच नव्हती. आजची रेघ काढून तिच्यावर परत आजचीच ठेवली होती. आरोपीलाच साक्षीदार केलं होतं, आणि साक्ष जुळली म्हणून खूश होऊन हंडे भरत बसली होती.

तिनं खरी कालची तारीख टाकली, दहा. रेघ आली. सपाट. परसदारच्या सारवलेल्या अंगणासारखी सपाट. एक उंचवटा नाही.

म्हणजे झोत खरा होता. कुठंतरी एक तारा मेला होता, दुर्बिणीनं इमानानं हाक दिली होती, आणि सरिता हिवराळेनं जगाला सांगितलं होतं की काही नाही, झोपा.

तिनं लगेच फोन लावला. मोनिका मॅडमचा फोन बंद. मग आठवलं, मॅडम पहाटेच्या विमानानं परिषदेला निघाल्या होत्या, त्या आता ढगात. सत्यमला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तो बहाद्दर घोरत असणार. जगात कोणा दुसऱ्या उपग्रहानं हा झोत टिपलाय का, ते तिनं शोधलं. कोणी नाही. झोत बेताचा होता, बाकीचे उपग्रह पृथ्वीच्या आड असतील, काय असेल ते असो. ठाऊक होतं फक्त तिला एकटीला.

आणि तिकडं धग विझत चालली होती. मिनिटामिनिटाला मंद होत होती.

कडुबा गच्चीवरून उतरले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. पोरीचं तोंड बघितलं आणि दारातच थांबले. "काय झालं गं?"

सरितानं सांगितलं. तिला वाटलं होतं, अण्णांना समजायचं नाही. पण रूळ तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे कसं नाही समजणार? फट आहे की नाही, एवढंच तर होतं. ते खाटेवर बसले. मग हळूच विचारलं, "कुनाला ठाव हाय का?"

"नाय. मलाच."

"मागून कळंल का?"

"कोनीतरी दोनचार महिन्यांनी आकड्यांचा ढीग चाळंल. तवा दिसंल. पन तवा कोन विचारतंय, अण्णा? झोत बारका व्हता, नाय दिसला म्हनता येतं."

"मंग झाकली मूठ सव्वा लाखाची," कडुबा म्हणाले. "गप राह्य, सरे. आपलं आपुन जाऊन कशाला सांगावं? एकदा दिवाळीला झालं, आता हे. ठेवतील का तुला? म्या भोगलंय. तुला नगं."

त्यांनी भोगलं होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर बोलायचं नाही असा शिरस्ता होता. नोकरीच्या ऐन उमेदीत कडुबांना रुळाला एक फट दिसली. समोरून पॅसेंजर येत होती. त्यांनी लाल झेंडी धरली, जीव खाऊन पळत गेले, गाडी थांबवली. सगळी माणसं उतरून बघायला आली. फट कसली, काळ्या तेलाचा ओघळ! गाडी मोप खोळंबली. साहेबानं सगळ्या गँगसमोर झाडलं ते झाडलंच, पण पुढं रिटायर होईस्तोवर गँगमधली माणसं कडुबांना 'लाल झेंडी' म्हणूनच हाक मारत. "ए लाल झेंडी, तंबाखू हाय का?" हसत हसत. ते हसणं हा माणूस अजून विसरलेला नव्हता.

सरितानं विचारलं, "अण्णा, ती फट खरी निघाली असती तर?"

"निघाली नाय ना."

"त्याच्यानंतर तुम्ही कधी झेंडी काढली?"

कडुबा तिच्याकडं बघत राहिले. डोळ्यांत असं काही आलं की सरितानं आजवर ते ह्या माणसाच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. मग ते उठले. मोटारीचा खटका बंद आहे का ते बघायला गेले, तो तर पाणी गेलं तेव्हाच बंद केला होता.

याचा अर्थ काय घ्यायचा तो तुम्ही घ्या. सरितानं घेतला. किती वेळा ह्यांना शंका आली असेल, आणि किती वेळा हे मान खाली घालून पुढं चालत गेले असतील? कधी काही झालं नाही, नशीब. भीती ह्या घरात तिनं आणलेली नव्हती. आधीपासूनच मुक्कामाला होती.

ती लिहायला बसली. आधी लिहिलं, तांत्रिक अडचणीमुळे आमची आधीची सूचना रद्द समजावी, झोत खरा असण्याची शक्यता आहे. छान दिसत होतं. कोणाचीच चूक नाही, अडचणीची चूक! बोट पाठवायच्या बटणावर गेलं, आणि थांबलं.

हे वाचून कोण दुर्बीण वळवेल? तिनंच विचार केला. ती स्वतः दुसऱ्या टोकाला असती तर म्हणाली असती, आधी खरी म्हणाले, मग खोटी, आता म्हणतात शक्यता आहे, आणि अडचण कसली ते सांगत नाहीत. ह्यांचं यंत्रच बिघडलंय, सोडा. आणि दिवाळीचं तर सगळ्यांना ठाऊकच होतं. जगाला पुन्हा मान वळवायला लावायची तर एकच उपाय होता. काय चुकलं ते उघड सांगायचं, म्हणजे यंत्र धड आहे आणि माणूस चुकलाय हे कळेल.

तिनं सगळं पुसलं. नव्यानं लिहिलं. आमची माघार चुकीची होती. मी तारीख चुकवली आणि हा झोत आदल्या दिवसाशी ताडून बघण्याऐवजी त्याचा त्याच्याशीच ताडून बघितला. खऱ्या आदल्या दिवसाची रेघ सपाट आहे, सोबत जोडली आहे. झोत खरा आहे. कृपया बघा. सरिता हिवराळे.

त्याचा त्याच्याशीच! पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा हसेल असं वाक्य, आणि ते जगातल्या सगळ्या वेधशाळांत कायमचं राहणार, तिच्या नावासकट. तिनं डोळे मिटले आणि बटण दाबलं. मग खाटेच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसली. केसरबाईला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण तिनं काही विचारलं नाही. येऊन शेजारी बसली आणि भाजलेल्या मांडीवर खोबरेल लावलं.

वाट बघणं म्हणजे काय, ते त्या सकाळी सरिताला कळलं. उत्तर येईना. तिच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. दहा तारीख तरी बरोबर होती का? तिनं परत बघितली. बरोबर होती. परत बघितली. आणि झोत खरा नसेलच तर? एकदा खोटा, एकदा खरा, आणि परत खोटा निघाला तर तोंड कुठं लपवायचं? मार्चपर्यंतसुद्धा ठेवायचे नाहीत.

सत्यमचा फोन आला. आवाज झोपेतला. "अगं, येडी झाली का तू? हे असं लिहितात का कुठं? नुसतं एरर लिहायचं ना!"

"मग कोणी बघितलं नसतं, सत्यम."

तो न चिडवता म्हणाला, "व्हय. ते बी खरंच."

पहिलं उत्तर स्पेनच्या बेटावरून आलं, तिथं अजून रात्र होती. प्रयत्न केला, ढग आहेत, क्षमस्व. सरितानं उशीत तोंड खुपसलं. त्यानंतर बऱ्याच वेळानं दुसरं आलं, चिलीतल्या डोंगरावरून. तिनं ते डोळे किलकिले करून वाचलं, एकेक शब्द.

त्या जागी नवा उजेड सापडला होता. दोनदा फोटो काढले, दुसऱ्यात तो आणखी मंद होता. झोत खराच होता. आणि खाली एक ओळ होती. उजेड आता इतका क्षीण आहे की अंतर मोजणं शक्य झालं नाही, तासभर आधी कळलं असतं तर जमलं असतं.

सरिता रडली. आनंदानं रडली की दुःखानं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तारा होता. किती लांब होता ते आता कोणालाच कधी कळणार नव्हतं, आणि ते तिच्यामुळं.

ऊन ओसरीवर आलं तेव्हा मोनिका मॅडमचा फोन आला. मागं विमानतळावरचा गलका ऐकू येत होता. सरिता उभी राहिली, फोनवरसुद्धा उभी राहिली.

"सगळं वाचलं मी," मॅडम म्हणाल्या. "अंतर गेलं."

"हो, मॅडम."

"माझं विमान उतरेपर्यंत थांबावंसं नाही वाटलं? मला विचारून पाठवलं असतंस."

"तोवर उजेडही गेला असता, मॅडम."

मॅडमचा आवाज आला, आणि तो दिवाळीसारखा नव्हता. "तू जानेवारीपासून मागतेयस ना, ड्युटीतून काढा म्हणून? ठीक आहे. आजपासून सगळ्या ड्युट्या सत्यम बघेल. शिक्षा म्हणून नाही सांगत. तुला भीती वाटते, मी ऐकायला हवं होतं."

हेच तर हवं होतं! ह्यासाठीच तिनं हात जोडले होते. सुटले बाई एकदाची, असं वाटायला पाहिजे होतं. पण सरिता जे बोलली ते तिनं आधी मनातही म्हटलं नव्हतं.

"नको, मॅडम."

"का? भीती गेली?"

"नाही. लई वाटते. पण मॅडम, आज पहाटे एकदाच नाही वाटली. दोन रेघा जुळल्या आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी परत बघितलंच नाही. एरवी चारदा बघते. चूक झाली ती तेव्हाच झाली." तिनं नाक पुसलं. "मला बसू द्या ड्युटीवर. मी घाबरूनच बसेन."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "बैस."